समुद्राची पैसेवारी कोण लिहिणार?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, मला एकदा आपली वही दाखवली होती. शंभर पानी, पुठ्ठ्याला डिझेलचा वास, पानांच्या कडा खाऱ्या हवेने फुगलेल्या. डाव्या पानावर बर्फ, डिझेल, रेशन, खलाशांनी घेतलेली उचल. उजव्या पानावर त्या फेरीत काय मिळालं ते: बांगडा, म्हाकूल, राणीमासा, बळा, कोळंबी, प्रत्येकापुढे क्रेटचा आकडा आणि सगळ्यांत शेवटी नुसतंच ‘बारीक’. मोसम संपून वाटे, म्हणजे कमाईचे हिस्से, झाले की वहीचं काय करता, असं विचारलं तर म्हणाले, कोरी पानं पोरं अभ्यासाला घेतात, बाकीची रद्दीत जाते. एका बोटीने मोसमभर पाहिलेला समुद्र दर वर्षी असा किलोच्या भावाने जातो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मासेमारी नौकांवर इलेक्ट्रॉनिक लॉगबुक यावं का, यावर जो वाद चालतो त्यात ही वही कुठेच नसते. एका बाजूला अधिकारी, संशोधक आणि पर्यावरणाची काळजी करणारी मंडळी. त्यांचं म्हणणं, मासळी संपत चालली आहे, शास्त्राला आकडे हवेत, तेव्हा प्रत्येक बोटीवर नोंदणी सक्तीची करा. दुसऱ्या बाजूला मच्छीमारांचे नेते. त्यांचं म्हणणं, ही पाळत आहे, आज आकडे मागतील आणि उद्या त्याच आकड्यांवरून दंड लावतील. दोन्ही बाजू एक गोष्ट मुकाट्याने धरून चालतात, ती म्हणजे ही नोंद सरकारसाठी आहे. वाद फसतो तो इथेच. यांत्रिक नौकांवर इलेक्ट्रॉनिक लॉगबुक आलंच पाहिजे आणि त्याची मागणी सर्वांत आधी मच्छीमारांनी केली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंद नसल्याची किंमत आज तेच मोजत आहेत. मात्र ती नोंद आधी बोटीच्या मालकीची असली पाहिजे, मग सरकारची.

लॉगबुक हे काही अगम्य प्रकरण नव्हे. जाळं कधी टाकलं, कधी ओढलं, कुठे, किती वाव (खोलीचं माप) पाण्यात, कोणती मासळी साधारण किती आली, किती परत समुद्रात टाकली, एवढं मोबाइलवर किंवा टॅबवर भरायचं. रेंज नसेल तर ते यंत्रातच साठतं आणि किनारा जवळ आला की पुढे जातं. युरोपीय संघाने २०१० मध्ये २४ मीटर आणि त्याहून लांब नौकांपासून याची सुरुवात केली, २०११ मध्ये १५ मीटरपर्यंत आणि २०१२ मध्ये १२ मीटरपर्यंत ते खाली आणलं. आपल्याकडच्या बऱ्याचशा ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या) आणि पर्ससीन (थव्याभोवती जाळं टाकणाऱ्या) बोटी याच मापाच्या आसपासच्या आहेत.

आता २०१९ साल आठवा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या अंदाजानुसार त्या वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख १ हजार टन मासळी उतरली. आदल्या वर्षी ती २ लाख ९५ हजार टन होती. ४५ वर्षांतला हा नीचांक. ऐन मोसमात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आधी क्यार आणि पाठोपाठ महा ही चक्रीवादळं आली आणि बोटी बंदरात अडकल्या. किनाऱ्यावरून मागणी उठली, मत्स्यदुष्काळ जाहीर करा. पुढच्या वर्षी राज्याने सुमारे ६५ कोटींचं पॅकेज दिलं, पण ते वाटलं गेलं ते नौकेचा प्रकार आणि इंजिनाचे सिलिंडर पाहून. ज्याचा अख्खा मोसम वाहून गेला आणि ज्याचे चार दिवस बुडाले, दोघांच्या बोटीला सिलिंडर सारखे असतील तर दोघांना मदत सारखीच. दुसरं काही करणं सरकारलाही शक्य नव्हतं. कुणाचं किती बुडालं हे सांगणारा कागद कुणापाशी होता?

शेतीत दुष्काळ ठरवायला पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा अंदाज, असते. ५० पैशांच्या खाली आली की गाव दुष्काळी मानायचं, ही जुनी रीत. ती पैसेवारी कशी लावली जाते यावर गावोगाव भांडणं होतात, आणि ती व्हायलाही हवीत, पण भांडायला निदान एक आकडा समोर असतो. समुद्राला पैसेवारी नाही. सीएमएफआरआयची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. ठरावीक बंदरं, ठरावीक दिवस, त्या दिवशी लागलेल्या काही बोटी मोजायच्या आणि त्यावरून राज्याचा अंदाज बांधायचा. राज्यात एक तृतीयांश मासळी घटली, हे ती खात्रीने सांगते. सातपाटीची किती घटली, हर्णैची किती, अमक्या बोटीची किती, हे सांगण्यासाठी ती आखलेलीच नाही. शहराचं तापमान कळलं म्हणून घरातल्या आजाऱ्याचा ताप कळत नाही. त्यात भर म्हणजे राज्याच्या आर्थिक पाहणीत त्याच सुमाराचं सागरी मत्स्योत्पादन चार लाख टनांहून जास्त दिसतं. आर्थिक वर्ष आणि कॅलेंडर वर्ष यांतला फरक धरला तरी हे अंतर दुपटीचं आहे. ज्या राज्याला आपल्या समुद्रातून दोन लाख टन मासळी निघाली की चार लाख हे ठाऊक नाही, ते बंदी काळ, परवाने आणि मदत यांचे निर्णय कशाच्या भरवशावर घेणार?

भरपाईची गोष्ट तर याहून जिव्हाळ्याची आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या फलाटावर स्फोट झाला. पुढे बीपी कंपनीशी झालेल्या तडजोडीत मासेमारी व्यवसायासाठी २३० कोटी डॉलरचा वेगळा निधी ठेवावा लागला. त्यातून पैसे मिळाले ते मुख्यतः ज्यांच्याकडे फेरीगणिक विक्रीच्या पावत्या आणि कराची कागदपत्रं होती त्यांना. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातले व्हिएतनामी वंशाचे कितीतरी मच्छीमार रोखीने मासळी विकत, थोडी घरी खात, थोडी शेजाऱ्यापाजाऱ्यांना देत. आपलं नुकसान सिद्ध करताना त्यांची दमछाक झाली. २०१० मध्येच ७ ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं आदळली, तेल सांडलं, मासेमारी थांबली, बाजारातल्या मासळीला गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा आपल्याकडच्या बोटींपाशी दाखवायला काय होतं? वरळीच्या कोळ्यांनी मुंबईच्या सागरी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं, ते वर्षानुवर्षं आंदोलन करून. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या मासे मारतो, एवढं पटवून देण्यातच त्यांची अर्धी शक्ती खर्च झाली. उद्या वाढवण बंदराच्या समुद्रात हाच प्रश्न याहून मोठ्या आकारात उभा राहणार आहे.

आता पाळतीचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही. पण पाळत लॉगबुकाने येईल असं समजणाऱ्यांनी ३० ऑगस्ट २०२४ आठवावा. त्या दिवशी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचाही शुभारंभ झाला. हे यंत्र जिवाच्या रक्षणासाठी आहे, संकटात उपग्रहामार्फत निरोप पाठवतं, सरहद्द जवळ आली की सावध करतं, आणि त्याचं मोल समुद्रावर जाणाऱ्यांना सांगायला नको. पण त्याचबरोबर बोट कुठे आहे हेही ते सांगतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे राज्याच्या हद्दीपलीकडच्या समुद्रातल्या, मासेमारीचे नियम काढले, त्यात यांत्रिक नौकांना ऑनलाइन पास घ्यायला लावला. म्हणजे बोट कुणाची, कुठे गेली, कधी परतली, हे सरकारला कळायची व्यवस्था होऊन चुकली आहे. जाळ्यात काय आलं, एवढंच लिहायचं राहिलं आहे. बोटीचा ठावठिकाणा द्यायचा आणि आपली रिकामी टोपली मात्र कुठे नोंदवायची नाही, यात मच्छीमाराच्या पदरात काय पडतं?

‘नोंद म्हणजे जाच’ ही भावना कुठून येते हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते रोखे, कर्जखतं आणि चोपड्या. त्या बाहेर काढून जाळल्या. या दंग्यांनंतर चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्यात जी एक तरतूद होती ती आज बंदरातल्या प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावी अशी आहे. कर्जाचे दस्तऐवज गावच्या निबंधकापुढे नोंदवायचे, सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा आणि कर्ज घेणाऱ्या कुळाने मागितलं तर त्याला पासबुक द्यायचं. चोपड्या जाळणाऱ्यांचं दुखणं नेमकं काय होतं, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं. चोपडी एकाच्याच घरात होती, लेखणी एकाच्याच हातात होती. त्यावर उपाय म्हणून चोपडीची एक प्रत दुसऱ्याच्या हातात दिली गेली. तो कायदा अपुरा पडला, सावकारांनी पळवाटा काढल्या, हे खरंच. तरीही दिशा बरोबर होती. लॉगबुकाचं हेच व्हायला हवं. जे सरकारकडे जाईल त्याची तारीखवार, कुणाला बदलता न येणारी प्रत त्याच क्षणी नाखव्याकडे, म्हणजे बोटमालकाकडे, आणि त्याच्या सोसायटीकडे राहिली पाहिजे, आणि भरपाई, विमा, कर्ज, न्यायालय या सगळीकडे ती पुरावा म्हणून चालली पाहिजे.

यापेक्षा अवघड आक्षेप जागांचा आहे. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्यात, किती वाव पाण्यात घोळ लागते किंवा पापलेट येतं, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आलेलं असतं. तीच घराची इस्टेट. ती जागा एकदा सर्व्हरवर गेली की पैसेवाल्या पर्ससीनवाल्याला किंवा परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरला ती मिळणार नाही, याची हमी कोण देणार? या भीतीला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे उत्तर होऊच शकत नाही, आणि दुर्दैवाने अधिकारी बहुतेक वेळा तेवढंच देतात. खरं उत्तर रचनेत असलं पाहिजे. संशोधनाला एकेका बोटीची नेमकी जागा बाहेर दिसण्याची गरज नसते. समुद्राचे मोठे चौकोन पाडून, कित्येक बोटींचे आकडे एकत्र करून, मोसम उलटल्यावर ते जाहीर केले तरी काम भागतं. हे कायद्यात लिहा, आणि माहिती फोडणाऱ्याला शिक्षा तिथेच लिहा. तोवर मच्छीमारांनी सही करू नये, असंच मी म्हणेन.

कामाच्या अडचणीही खऱ्या आहेत. उत्तर समुद्रातल्या बोटीच्या जाळ्यात कॉड, हॅडॉक, हेरिंग अशा मोजक्या जाती येतात. आपल्या ट्रॉलच्या एका ओढीत पन्नास प्रकारची मासळी निघते. डेकवर खलाशी गुडघे टेकून निवडायला बसतात. हातात ग्लोव्ह असला तर असला, बोटं कोळंबीच्या काट्यांनी सोललेली, आणि पुढचं जाळं पाण्यात गेलेलं असतं. रत्नागिरीच्या बोटींवर खलाशी नेपाळचेही असतात. अशा माणसांपुढे इंग्रजीतली पन्नास रकान्यांची यादी ठेवली तर ती बंदरात येताना कुणीतरी डोळे मिटून भरून टाकणार. इंग्लंडमध्ये दहा मीटरहून लहान होड्यांना मोबाइलवर नोंद सक्तीची झाली तेव्हा वजनाचा अंदाज थोडा चुकला तरी गुन्हा होईल, या धास्तीने तिथले मच्छीमार भडकले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. म्हणून रकाने तांडेलाच्या वहीतूनच घ्यावेत. दहा-बारा मुख्य मासळ्या, चित्रासकट, बंदरात बोलतात त्या नावांनी. माप किलोऐवजी क्रेटमध्ये. आणि ‘बारीक’ला स्वतंत्र जागा. ‘बारीक’ म्हणून फिशमीलला, म्हणजे मासळीची पूड करायला, जाणाऱ्या त्या ढिगात उद्याचं पापलेट आणि सुरमई असते. तो ढीग आज कुठल्याच हिशेबात बोटवार दिसत नाही.

लिहायला अडाणी आहेत, हा शहरी आक्षेप मात्र मला मान्य नाही. वाटे पाडायचे असतात म्हणून प्रत्येक फेरीचा हिशेब आजही होतो, आणि त्यात चूक झाली तर खलाशी बोट सोडून जातो. इतका कडक लेखापरीक्षक सरकारकडे नसेल.

पण खोटं लिहिलं तर? लिहितीलच. खोट्या नोंदींचा सर्वांत भयंकर दाखला सोव्हिएत व्हेलशिकारीचा. दक्षिण गोलार्धात आपण सुमारे २,७०० हंपबॅक व्हेल मारले, असं त्या देशाने आंतरराष्ट्रीय आयोगाला कळवलं होतं. प्रत्यक्षात आकडा ४८,००० च्या वर होता. खरे आकडे बाहेर आले ते सोव्हिएत संघ कोसळल्यावर, आणि ते आले कारण तिथल्या काही शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी जिवापाड जपून ठेवल्या होत्या, एकाने तर बटाट्याच्या तळघरात. चीनमध्ये उलटं घडलं. तिथे वाढता आकडा दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला बढती मिळे, म्हणून मासळी कागदावर फुगली. जगाची मासळी वाढते आहे असा भ्रम त्या आकड्यांनी निर्माण केला होता, हे २००१ साली दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. या दोन्ही ठिकाणी खोटं चाललं ते वरून खाली. आकडा ताडून पाहण्याचा दुसरा मार्ग कुणी ठेवला नव्हता. बंदरात तो मार्ग आयता आहे. बर्फ किती भरला, डिझेल किती गेलं, लिलावात किती क्रेट लागले, या चिठ्ठ्या वेगवेगळ्या लोकांच्या हातात असतात. लॉगबुकात आणि या तिन्ही चिठ्ठ्यांत एकच खोटं जमवणं सोपं नाही.

आकडे असूनही मासळी संपते, हा आक्षेप मला या वादात सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचं उदाहरण कॅनडाने घालून दिलं आहे. न्यूफाउंडलंडचा कॉड जगातली सर्वांत प्रसिद्ध मासळी. तिथे शास्त्रज्ञही होते, नोंदीही होत्या. तरी २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसं एका फटक्यात बेकार झाली. मग नोंदींचा उपयोग काय? पण कुणाच्या नोंदी होत्या ते पाहा. मोठ्या ट्रॉलरना भरभरून मासळी मिळत होती, कारण उरलेला कॉड गोळा होऊन थव्याने राहत होता आणि यंत्रं त्याला शोधून काढत होती. त्यावरून साठा भक्कम आहे असा हिशेब निघाला. किनाऱ्यालगत लहान होड्यांवर काम करणारे मच्छीमार १९८० च्या दशकातच ओरडून सांगत होते की मासा लहान येतोय, कमी येतोय. त्यांच्या म्हणण्याला आकड्याचं रूप नव्हतं, म्हणून ते तक्रार ठरलं आणि ट्रॉलरचं म्हणणं शास्त्र ठरलं. मालवणचा रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा) आज जे सांगतो आहे आणि सातपाटीचा डोलवाला (डोल जाळी लावणारा) जे सांगतो आहे, त्याचं असंच होऊ द्यायचं का? सक्ती मोठ्या यांत्रिक नौकांना करा, पण बिगर-यांत्रिक होड्यांना आणि रापणीला, सोसायटीमार्फत, ऐच्छिक का होईना, ही सोय पहिल्या दिवसापासून द्या, असं मी म्हणतो ते याच कारणाने.

राहिला दंड. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीचं किमान कायदेशीर आकारमान ठरवलं, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. उत्तम झालं. पण तांडेलाने प्रामाणिकपणे ‘लहान पापलेट दोन क्रेट’ असं लिहिलं आणि तीच ओळ त्याच्याविरुद्ध पुरावा झाली, तर त्या दिवसापासून किनाऱ्यावरच्या एकाही बोटीला लहान पापलेट मिळणार नाही. समुद्रात ते मरतच राहील, कागदावरून तेवढं नाहीसं होईल. विमानवाल्यांनी हा पेच केव्हाच सोडवला. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका कळवतात त्या नासा या संस्थेला. दंड करणारं खातं वेगळं, आणि चूक वेळेत कळवणाऱ्याला त्या खात्याच्या शिक्षेतून बरंच संरक्षण मिळतं. आपल्याकडे लॉगबुक सीएमएफआरआयकडे जावं, परवाना अधिकाऱ्याकडे जाऊ नये. कायदा मोडणाऱ्याला गस्ती नौकेने समुद्रात किंवा बंदरावर धरावं, त्याने स्वतः लिहिलेल्या नोंदीवरून धरू नये.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातला शेतकरी ई-पीक पाहणीत आपला पेरा आपल्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर चढवतो. सर्व्हर अडकतो, शेवटच्या दिवशी रडकुंडीला यावं लागतं, नोंद राहिली की मदत हुकते, हे सगळं मी ऐकून आहे आणि समुद्रावर ते जसंच्या तसं आणू नये. पण तलाठ्याने चावडीत बसून लिहिलेला पेरा आणि स्वतः उभं राहून फोटोसकट लिहिलेला पेरा यांतला फरक शेतकऱ्याला कळला आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. दर्जा आला, सातबारा आला नाही. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारालाही मिळतं, पण बँकेत उत्पन्न विचारलं की तो सांगणार काय? म्हणून तो पुन्हा त्याच दलालाकडे उचल मागायला जातो, आणि मासळी त्याच्याच भावाने त्यालाच घालतो. तीन वर्षांच्या फेऱ्यांची खात्रीची नोंद हातात असलेला नाखवा बँकेत वेगळ्या आवाजात बोलेल.

पावसाळी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, बोटी वर ओढलेल्या असतात. जाळी उसवली जातात, इंजिनं उघडली जातात, आणि सोसायट्यांच्या सभांना माणसं हजर असतात. लॉगबुकाला विरोध करणारा ठराव करण्याआधी प्रत्येक सोसायटीने या दोन महिन्यांत आपल्या दहा बोटींच्या गेल्या मोसमाच्या वह्या मागवाव्यात, टेबलावर ठेवाव्यात आणि त्यातले रकाने उतरवून घ्यावेत. सरकारने आणलेला टॅब त्या रकान्यांना जुळतो का, प्रत कुणाकडे राहते, जागा कोण पाहतं आणि भरपाईच्या अर्जाला ती जोडता येते का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. आणि ज्या नाखव्यांच्या वह्या अजून माळ्यावर असतील, त्यांनी त्या यंदा रद्दीवाल्याला देऊ नयेत.